गुहागर–गोंदिया सायकलवाट : प्रकल्पाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार, कऱ्हाड

आज तिघं बसलो आणि ठरवून टाकलं. गुहागरच्या समुद्रापासून गोंदियापर्यंत, महाराष्ट्र आडवा ओलांडणारी एक सायकलवाट आखायची. सर शाळेत भूगोल शिकवतात, ताई बँकेत आहेत आणि माझं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. दर हिवाळ्यात दुकानात कुणी ना कुणी येऊन विचारतं, "दादा, सायकलवर पंढरपूरला जायचंय, कुठून जाऊ?" मी हायवेच सांगतो, कारण दुसरं काही खात्रीनं ठाऊक नसतं. हे मला फार दिवस टोचतंय. विचारणारा पोरगा बारा-पंधरा हजारांची सायकल घेऊन आलेला असतो आणि आपण त्याला ट्रकांच्या रांगेत ढकलतो.

राज्याची पूर्व-पश्चिम लांबी साधारण ८०० किलोमीटर. गावागावांतून जाणारी वाट त्याहून बरीच लांबणार. समृद्धी महामार्गावर सायकलला परवानगीच नाही, त्यामुळे तो विषय पहिल्या पाच मिनिटांत संपला. ताईंनी ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेऱ्या, केल्या आहेत. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत, तिथं सगळा हिशेब घड्याळाचा. त्यांचंच म्हणणं पडलं की ही वाट घड्याळाची नको. दिवसाला फार तर ११५ किलोमीटर, दर पंचवीसेक किलोमीटरला पाणी आणि चहा, रात्री मुक्कामाला खोली मिळेल असं गाव, आणि चौपदरी रस्ता नाइलाज असेल तिथंच. एवढ्या अटी वहीच्या पहिल्या पानावर लिहिल्या.

१३ ऑक्टोबर, रविवार

सकाळपासून नकाशे. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर चालणारं बीराउटर हे वाट आखायचं साधन वापरतोय. गुहागर, चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, कऱ्हाड, विटा, आटपाडी, पंढरपूर, बार्शी, लातूर, अहमदपूर, नांदेड, उमरखेड, यवतमाळ, वर्धा आणि मग भंडारा-गोंदिया. कागदावर रेघ झकास दिसते.

पण दोन गोष्टींनी दिवस खाल्ला. पहिली म्हणजे चढ. एका साधनानं एकूण चढ ९,२०० मीटर दाखवला, दुसऱ्यानं १२,७००. वाट तीच. सरांनी कारण सांगितलं. या साधनांतली उंची फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अवकाशयानानं रडारनं मोजलेली आहे, आणि प्रत्येक मोजणी साधारण तीस मीटरच्या चौकोनाची. घाटात रस्ता डोंगराच्या कुशीतून जातो. रेघ जराशी सरकली की एक चौकोन कड्यावर पडतो आणि पुढचा दरीत. रस्ता शांतपणे चढत असतो, साधन मात्र त्याला उड्या मारायला लावतं आणि त्या सगळ्या उड्यांची बेरीज करतं. सपाटीला आकडा बरोबर येतो, घाटात फुगतो. कुंभार्लीला उंची मोजायचं घड्याळ घेऊन जायचं ठरलं.

दुसरी गोष्ट रस्त्याच्या जातीची. नकाशावर ग्रामसडक योजनेचा डांबरी रस्ता आणि शेतातली पाणंद दोन्ही सारख्याच पांढऱ्या रेघा, कारण पृष्ठभागाची नोंद कुणी केलेलीच नसते. आटपाडीजवळ तर वाट सरळ माणगंगेच्या पात्रातून गेली. एरवी तिथं वाळू असते आणि लोक खरंच जातात. यंदा पाऊस बरा झालाय, पाणी असणार. म्हणजे प्रत्येक तुकडा एकतर स्वतः पाहायचा, नाहीतर तिथल्या माणसाला विचारायचा.

२० ऑक्टोबर, रविवार, विटा–आटपाडी पाहणी

विट्यातून साडेसहाला निघालो. गाड्या तुरळक, हवा मोकळी, दोन्ही बाजूंना ज्वारीची पेर आणि मधूनमधून डाळिंबाच्या बागा. माणदेशातून जाणारी ही वाट मला नकाशावरही आवडली होती, प्रत्यक्षात जास्त आवडली.

तिघांच्या मिळून अकरा पंक्चर झाल्या. सगळ्या सराट्याच्या. ट्रॅक्टरला वाट द्यायला साइडपट्टीवर उतरलो की पुढच्या शंभर मीटरमध्ये हवा बसलीच. शेवटी एक सराटा काढून तळहातावर घेऊन नीट पाहिला. वाटाण्याएवढं फळ वाळून पाच तुकड्यांत फुटतं आणि प्रत्येक तुकड्याला दोन टणक काटे. जमिनीवर कसंही टाका, एक काटा वर राहतोच. पावसाळ्यात साइडपट्टीवर वेल पसरतो, दिवाळीपर्यंत वाळतो आणि मग हिवाळाभर हे काटे मुरमात पडून असतात. बाभळीचा काटा लांब असतो, लगेच सापडतो. सराट्याचा मोडून टायरच्या आत राहतो. टायरच्या आतून बोट फिरवून, लागला तर चिमट्यानं काढूनच नवी ट्यूब घालायची, नाहीतर तीही जाते. माझ्या हातून आज तसंच झालं, घाईत.

वाटेच्या माहितीत लिहायचं : विटा ते पंढरपूर, माणशी दोन जादा ट्यूब, टायरच्या आत जाड पट्टी, वाहन आलं तरी जमेल तोवर डांबर सोडू नये, सोडावं लागलंच तर सायकल उचलून परत आणावी.

नदीत गुडघाभर पाणी होतं. वरच्या पुलाचा पर्याय साडेचार किलोमीटर जास्त. वाटेच्या फायलीत तोच घेतला.

२७ ऑक्टोबर, रविवार

आठवडी बाजारांची वही सुरू केली. हे ताईंच्या लक्षात आलं. तालुक्याच्या गावी बाजारादिवशी मुख्य रस्ताच बाजार होतो. भाजीची पालं, शेळ्या, टेम्पो, मधूनच एसटी. सायकल हातात धरून अर्धा-पाऊण तास जातो. पण त्याच दिवशी गावात खायला भरपूर मिळतं, आणि भेळ, भजी, केळी हे सायकलवाल्याचं खरं इंधन. म्हणून बाजार टाळायचा नाही, फक्त त्याची वेळ पाहून जायचं. वाटेवरच्या प्रत्येक मोठ्या गावातल्या एखाद्या हॉटेलात नाहीतर सायकलच्या दुकानात फोन करून वार लिहून घेतोय. दुकानदार एकमेकांना मदत करतात. आज एकोणीस फोन झाले, चौदा गावांचे वार मिळाले.

३ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी. फाइल उघडली नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

परवा, मंगळवारी कार्तिकी. पंढरपूरच्या सगळ्या वाटांवर दिंड्या आहेत. दुकानासमोरून एक गेली, मधल्या माउलींच्या डोक्यावर तुळस. या दिवसांत रस्ता आणि गावातली प्रत्येक खोली वारकऱ्यांची, आपण तिथं गर्दी करायची नाही. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री या चारही वाऱ्यांच्या आधीचे सहा आणि नंतरचे दोन दिवस पंढरपूरचा मुक्काम ठेवू नये, असं लिहिलं. येती माघी ८ फेब्रुवारीला आहे. आपण त्याआधी जायचं.

१७ नोव्हेंबर, रविवार

परवापासून, १५ तारखेपासून, उसाचा गळीत हंगाम सुरू झाला आणि दोनच दिवसांत आमच्या भागातल्या रस्त्याचं रूप बदललं.

काल पाटणकडून परत येत होतो. सव्वासहा, अंधार पडत आलेला. समोर काहीच दिसत नव्हतं, फक्त रस्ता एका जागी जास्त काळा वाटला. वीस फुटांवर आल्यावर कळलं, ती उसानं भरलेली ट्रॉली आहे. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना लाल पट्टी. उसाची टोकं ट्रॉलीबाहेर हातभर आलेली, बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीला. ब्रेक दाबून थांबलो तेव्हा हात थरथरत होते.

पुढं एका टपरीशी ट्रॅक्टर थांबला, मीही थांबलो. ड्रायव्हर बीडकडचा, पंचविशीच्या आतला.

"दादा, मागं काहीच दिसत नाही, लाल पट्टी तरी लाव."

"मुकादमाला सांगितलंय भाऊ. रोज सांगतो."

माझ्या पिशवीत दुकानातली चिकटपट्टी होती, अंधारात चमकणारी. दोघांनी मिळून मागच्या ट्रॉलीच्या फाळक्यावर लावायला घेतली. फाळक्यावर रस वाळून थर बसलेला, पट्टी धरेना. त्यानं कॅनमधल्या पाण्यानं फडकं ओलं करून पुसलं, मग धरली. मोबाइलचा उजेड टाकून पाहिली, तेव्हा तो म्हणाला, "आता दिसंल." त्याची बायको पुढच्या ट्रॉलीवर उसाच्या मोळ्यांत बसली होती, मांडीवर लेकरू झोपलेलं. अंधारात वाहन येऊन धडकलं तर मार त्यांनाही बसणार, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

नोव्हेंबर ते मार्च, विटा ते पाटण या पट्ट्यात दुपारी चारनंतर सायकल चालवायची नाही. ही सूचना फायलीत सगळ्यात वर आणि ठळक. आणि हंगामात दुकानात येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना पट्टी फुकट द्यायची. मी ती घाऊक आणतो, फार पडत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

वाट उलटी केली, आता गोंदियाहून निघून गुहागरला यायचं.

काल विट्याहून पंढरपूरला पूर्वेकडे गेलो, आज तीच वाट परत आलो. जाताना सरासरी तासाला १३ किलोमीटर, येताना १९. माणसं तीच, सायकली तशाच, ओझं तेवढंच. जाताना दिवसभर वारा तोंडावर होता. चढाला शेवट असतो, माथा दिसतो. समोरच्या वाऱ्याला माथा नसतो, त्यानं माणूस आतून थकतो. सरांनी हवामान खात्याचे नकाशे काढून दाखवले. पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो, पण हिवाळ्यात पठारावर तो बहुतेक दिवस पूर्व-ईशान्येकडचा. आम्ही समुद्राकडून निघायचं ठरवलं होतं ते फक्त मनाला बरं वाटतं म्हणून.

उंचीचा हिशेब उलटा आहे, हे मान्य. पठार पूर्वेकडे कललेलं, गोदावरी उगाच तिकडे वाहत नाही. गोंदियाकडून येताना तीनशे मीटरपासून हळूहळू वर चढावं लागेल. पण तो चढ शेकडो किलोमीटरवर पसरलेला आहे, पायांना कळणारही नाही. आणि कुंभार्ली शेवटच्या दिवशी उतरायला मिळेल.

एक नवी अडचण मात्र उभी राहिली. पश्चिमेकडे जाताना दुपारनंतर ऊन डोळ्यांत येतं. आपल्या डोळ्यांत येतं तसंच मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्याही डोळ्यांत येतं, आणि त्या झळाळीत पुढची सायकल त्याला दिसत नाही. म्हणून पहाटे लवकर निघायचं आणि साडेतीनला मुक्काम. अंतरं पुन्हा बसवली, एकूण तेरा दिवस झाले.

नाव गुहागर–गोंदियाच ठेवलं. ताईंना ते बदलवत नाही, मलाही.

१ डिसेंबर, रविवार

पंढरपूर ते लातूर. इथं तीन पर्याय होते आणि वाद चालला होता. सरांनी जुन्या बार्शी लाइट रेल्वेचा नकाशा समोर ठेवला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं आखलेली अडीच फुटी रुळांवरची गाडी, १८९७ मध्ये बार्शी–कुर्डुवाडी सुरू झाली, पुढं १९११ मध्ये लातूरला पोचली. आता तिथं ब्रॉडगेज आहे. सरांचा मुद्दा असा की आगगाडीला तीव्र चढ चालत नाही. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी पायी हिंडून, मोजून, सगळ्यात सौम्य वाट शोधलेली आहेच, तर तिच्या शेजारचे रस्ते आधी पाहू. लातूर, मुरूड, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर अशी वाट लावून पाहिली. तिन्हींत सगळ्यात कमी चढ हिचाच. येडशीला बालाघाटाची कड येते तेवढीच. मला या शोधाचा इतका आनंद झाला की जेवायचं राहिलं.

८ डिसेंबर, रविवार, कुंभार्ली घाट

पोफळीहून वर चढून गेलो आणि तसाच खाली आलो. चिपळूण समुद्रसपाटीच्या जेमतेम वर, घाटमाथा सहाशे मीटरच्या पुढं. घड्याळानं पोफळी ते माथा जेवढा चढ मोजला, त्याच्या जवळजवळ दीडपट साधनानं दाखवला होता. सरांचं म्हणणं खरं. आता फायलीत घाटाचा आकडा आम्ही मोजलेला टाकतोय.

उतरताना दर दोन वळणांनी थांबून रिमला हात लावून पाहिला. तिसऱ्यांदा हात लगेच मागे घ्यावा लागला. ओझ्यासकट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला की रिम तापतं, ट्यूब फुटू शकते. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, दोन्ही ब्रेक आलटून-पालटून. सरळ पट्ट्यात वेग आधीच कमी करायचा आणि वळणात ब्रेकला हात नको. आदल्या मुक्कामी पाटणला ब्रेकपॅड बघायचेच, खाच बुजली असेल तर बदलायचे. माथ्यावर दुकान शोधू नये, नाही.

९ जानेवारी २०२५, गुरुवार

महाराष्ट्र एक्सप्रेसनं निघतोय. कोल्हापूर–गोंदिया, सबंध प्रवास एकाच राज्यात, आणि कऱ्हाडला थांबते. आमच्यासाठी यापेक्षा सोयीची गाडी नाही. सायकली पार्सलनं. पेडल काढली, हँडल फिरवून चौकटीला बांधलं, गिअरच्या बाजूला पुठ्ठा. हमालदादांनी विचारलं, "गोंदियाहून काय आणायचंय?" मी म्हटलं, सायकलीच परत आणायच्यात, चालवत. त्यांनी तिन्ही सायकली स्वतःच्या हातानं उभ्या लावल्या, आडव्या पडू दिल्या नाहीत.

११ जानेवारी, शनिवार, भंडारा

गोंदिया, तिरोडा, तुमसर, भंडारा. पहाटे कमालीची थंडी, बोटांना गिअर लागेनात. भात निघून गेलेली मोकळी बांधं, आणि दर थोड्या अंतरावर तलाव. हे माजी मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले, इथले लोक सरळ मामा तलाव म्हणतात. सारस पाहायची फार इच्छा होती, महाराष्ट्रात तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात उरलाय. दिसला नाही. तर्रीपोहे दोनदा खाल्ले. वारा पाठीशी.

१२ जानेवारी, रविवार, उमरेड

वैनगंगेवरचा आंभोऱ्याचा नवा पूल ओलांडून कुहीकडे उतरलो. नागपूर मुद्दाम टाळलं, संक्रांत दोन दिवसांवर आहे आणि तिथं पतंग जोरात. नायलॉन मांजा सायकलवाल्याच्या बरोबर गळ्याच्या उंचीला येतो. तरीही कुहीत एक दोर रस्त्यावर आडवा लोंबत होता, ताईंना उन्हात तो चमकला म्हणून दिसला. सोळा जानेवारीपर्यंत तिघांनीही गळ्याला जाड सुती पंचा दुहेरी गुंडाळायचा, कितीही उकडलं तरी.

उमरेडच्या अलीकडे कोळशाचे ट्रक. हा तुकडा फायलीतून बदलायला हवा.

१५ जानेवारी, बुधवार, उमरखेड

दोन दिवस लिहिणं झालं नाही. सेवाग्रामला मुक्काम केला, काल संक्रांतीला यवतमाळ. आज आर्णीच्या पुढं एका चहाच्या टपरीवर थांबलो.

"कुठून येऊन राह्यले भाऊ?"

"गोंदियाहून, काका."

"सायकलनं? अन् जाता कुठी?"

"समुद्राला. गुहागर."

काकांनी चहाचे पैसे घेतले नाहीत, वर कागदात तिळगूळ दिला. मग स्वतःहून सांगितलं, पुढच्या गावापासून हायवे सोडा, आतला रस्ता नवा झालाय, कापसाच्या गाड्याही तिकडून जात नाहीत. बावीस किलोमीटरचा तो रस्ता नकाशावर पाणंद म्हणून दाखवलेला. प्रत्यक्षात काळंभोर डांबर, कडेच्या बाभळींना अडकलेला कापूस, आणि दीड तासात फक्त चार मोटरसायकली. संध्याकाळी खोलीवर बसून नकाशात दुरुस्त केला.

१८ जानेवारी, शनिवार, मुरूड

लोहा ते अहमदपूर चौपदरीवरून यावं लागलं, या वाटेचा सगळ्यात कमकुवत तुकडा हाच. डांबराच्या कडेला मुरमात चार-पाच इंचांची पायरी पडलीय. चाक खाली गेलं की परत वर घेताना सायकल घसरते. सर काल तसेच पडले, कोपर सोललं. आतली वाट एका ओढ्याशी तुटते. पूल होईल तेव्हा होईल, तोवर हा तुकडा सकाळी सातच्या आत ओलांडावा असं लिहितोय.

२३ जानेवारी, गुरुवार, गुहागर

पाटणहून पहाटे साडेपाच. कोयनेकाठी धुकं इतकं की चष्मा पुसून पुसून थकलो. माथ्यावर ऊन यायची वाट पाहत पाऊण तास थांबलो, रस्ता वाळल्याशिवाय उतरायचं नाही हे आधीच ठरलेलं. चिपळूणला दुपार झाली होती आणि हवा एकदम दमट, अंगाला चिकटणारी. चिपळूण–गुहागर सपाट असेल असा आमचा समज होता. नाही. एकामागून एक चढ-उतार, आणि पाय संपलेले. हा दिवस तोडून चिपळूणला एक मुक्काम द्यायला हवा, म्हणजे चौदा दिवस.

एकूण १,१४६ किलोमीटर. पंक्चर सतरा, त्यातल्या बारा पंढरपूर ते विटा. सायकली वाळूत नेल्या नाहीत, खाऱ्या वाळूनं चेन जाते. सुरूच्या बनात टेकवल्या आणि तिघं चालत पाण्यापर्यंत गेलो. सर भरतीच्या रेषेशी बसून राहिले, बराच वेळ कुणी बोललं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार, कऱ्हाड

फाइल दुरुस्त करतोय. चौदा दिवस केले. उमरेडला वळसा दिला, सहा किलोमीटर वाढले. आर्णीच्या पुढचा आतला रस्ता घेतला. माणगंगेच्या पात्राची वाट फक्त मार्च ते मे खुली म्हणून वेगळ्या रंगात ठेवली. बाजारांच्या वहीत अजून पाच गावांचे वार नाहीत, ते फोन उद्या. लोह्याजवळच्या ओढ्यावर पुलाचं काम सुरू झालंय का, हे तिथल्या सायकलवाल्या दुकानदाराला विचारलंय. तो म्हणाला, रविवारी स्वतः जाऊन बघून फोटो पाठवतो.